पाझराची भीती हा आजार नव्हे

या पानावर आम्ही एरवी सिकलसेल, रक्तदाब, साखर, बाळंतपण असे विषय घेतो. या वेळी मातीच्या बांधावर लिहितो आहोत. आरोग्याच्या पानावर बांध कशाला, असे काही वाचकांना वाटेल. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्हालाही तसेच वाटले असते.

विदर्भातल्या एका नदीकाठच्या वस्तीत आमचे तपासणी शिबिर विहारात भरते. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतातच, म्हणून आम्ही तीच वेळ धरतो. वस्ती आणि नदी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. त्या वर्षी श्रावणात आम्ही ज्यांना तपासले त्यांत बांधाला लागून असलेल्या दोन गल्ल्यांतल्या बायकांचा रक्तदाब वाढलेला दिसत होता. गोळ्या चालू होत्या, तरीही. डोके दुखते, छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही, अशा तक्रारी. आम्ही कागदावर ‘चिंता’ असे लिहिले, मीठ कमी करा, मोबाईल लवकर ठेवा असे सांगितले आणि पुढचा नंबर बोलावला. सत्तरीच्या एक आजी मात्र उठेनात. म्हणाल्या, “मॅडम, झोपेची गोळी नका देऊ. मी झोपली तर बांध कोण पाहील?”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत बांधावर गेलो. नदी भरून वाहत होती. बांधाच्या वस्तीकडच्या पायथ्याला, एका कडुनिंबाच्या बुंध्याजवळ, जमीन इतकी ओली होती की बकरीचे खूर रुतत होते. पाऊस दोन दिवस नव्हता. त्या ओलीतून बारीक धार निघून गल्लीच्या नालीला मिळत होती. पाणी स्वच्छ होते. गल्लीतल्या बायका रात्री पाळीपाळीने उठून बॅटरीच्या उजेडात ती धार पाहत होत्या. तीन वर्षांपासून त्या हेच सांगत होत्या. साहेब एकदा येऊनही गेले होते, पण उन्हाळ्यात. नदी कोरडी, बांध कोरडा. “इथे काहीच नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत,” असे सांगून गेले. आम्ही ‘चिंता’ लिहिली आणि त्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हटले, त्यात फार फरक नाही. हे आधी कबूल करतो आणि मग पुढचे लिहितो.

आमचे म्हणणे असे आहे. पाण्याच्या पातळीखाली राहणाऱ्या माणसाला बांधाच्या पाझराची जी भीती वाटते, ती आजार नाही आणि अफवाही नाही. ती पहिली तपासणी आहे. दवाखान्यात पेशंट “पोटात दुखते” म्हणतो तेव्हा त्याला सोनोग्राफी आधी करून ये म्हणत नाहीत. तक्रार आधी लिहून घेतात, मग तपासतात. बांधाच्या बाबतीत उलटे चालते. तक्रार करणाऱ्यालाच पुरावा आण म्हणतात, आणि पुरावा येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे धरण होते. मातीचे, लहान. ते गळते आहे असे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि धरणाखालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले, ते सगळ्या महाराष्ट्राने ऐकले. लोक हसले. पण त्यात हसण्यासारखे अर्धेच होते. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या बांधात बिळे करतात आणि बिळांतून पाणी वाट काढते, हे खरेच आहे. म्हणूनच तर बांधाची पाहणी करून बिळे बुजवायची असतात. खेकडा बिळ करणारच. ते बिळ वेळेत कोणी का पाहिले नाही, हा प्रश्न माणसांना विचारायचा असतो.

मातीचा कोणताही बांध थोडा पाझरतोच. माती म्हणजे काच नव्हे. नदी आठ-आठ दिवस भरून राहिली की पाणी मातीच्या कणांमधून हळूहळू पलीकडे येते. ओल दिसली म्हणजे बांध फुटलाच, असे नाही. पाहायचे ते पाण्याच्या रंगाकडे. पाणी स्वच्छ असेल आणि धार रोज तेवढीच असेल, तर नजर ठेवायची आणि कळवायचे. पाणी गढूळ झाले, तर ते पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर येते आहे. आत नळी पडायला लागली आहे. नळी मागे मागे खात नदीपर्यंत पोचली की बांध आतून बसतो. हे तासाभरातही होऊ शकते. स्वच्छ धार अचानक वाढली, तरी तेच समजावे.

दुसरी खूण आहे उकळीची. बांधापासून थोडे दूर, अंगणात, शेतात किंवा नालीच्या काठी जमिनीतून पाणी भातासारखे रटरटत वर येते आणि भोवती बारीक रेतीचे वारुळासारखे कडे तयार होते. म्हणजे पाणी बांधाच्या खालून आले आहे. लोकांना वाटते, बांधाला तर काही झाले नाही, हे कुठले तरी झऱ्याचे पाणी असेल. पोरे त्यात पाय घालून खेळतात. रेती वर येत असेल तर ती बांधाच्या खालची आहे. याशिवाय माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेली भेग, उतारावर सरकलेली माती, जिथे पाइप किंवा नाली बांधातून आरपार जाते तिथली ओल आणि मोठ्या झाडाचा कुजलेला बुंधा, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. झाड जिवंत असते तोवर ते माती धरते असे वाटते. ते मेले की मुळे कुजतात आणि मुळांच्या जागी पोकळ वाटा उरतात. बांधावरचे झाड तोडायचे की ठेवायचे, हे मात्र जाणकाराने पाहून ठरवायचे. आपण मनाने कुऱ्हाड चालवू नये.

त्याच भाद्रपदात एका रात्री त्या कडुनिंबाजवळचे पाणी गढूळ झाले. ते आधी पाहिले त्या आजींनीच. वस्तीतली पोरे धावली आणि आपल्याकडे करतात तेच करू लागली. पोती, जुन्या गोधड्या, दगड, जे हाती लागेल ते भोकात कोंबायचे. कालव्यावर मजूर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका तिथे आले नसते तर काय झाले असते, कोण जाणे. ते ओरडले, “बुजवू नका! तोंड दाबाल तर दुसरीकडून फुटेल.” त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायला लावली आणि धारेभोवती विहिरीच्या कठड्यासारखे गोल कडे रचायला लावले. कड्याच्या आत पाणी चढत गेले. आतले पाणी जितके उंच, तितका त्याचा भार खालून येणाऱ्या पाण्यावर पडतो, जोर कमी होतो आणि माती वाहणे थांबते. कडे कमरेएवढे झाल्यावर वरून पाणी स्वच्छ येऊ लागले. त्याला एका बाजूने वाट करून नालीत सोडले. पाणी थांबवायचे नसते, माती थांबवायची असते, असे काका सांगत होते. इंजिनिअर लोकही हेच करतात, हे आम्हाला नंतर कळले.

एक खबरदारी इथेच सांगतो. हे काम मदत येईपर्यंतचे आहे. पोरे कडे रचत होती तेव्हा दोन बायका फोनला लागल्या होत्या आणि बाकीच्यांनी म्हातारी माणसे, लेकरे, गरोदर बाया आधीच शाळेत हलवल्या होत्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसे हलवायची, फोन करायचा, मग पोती. माथ्यावरून पाणी उतरू लागले असेल किंवा बांध सरकताना दिसत असेल, तर पोत्यांच्या नादी लागू नका, तिथून निघा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077, तातडीच्या मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108. हे नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावेत. मोबाईल बंद पडतो, भिंत बंद पडत नाही.

नदी उतरली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण पाणी झपाट्याने उतरते तेव्हा बांधाची नदीकडची ओली, जड बाजू ढासळू शकते. म्हणून पूर ओसरल्यावरही दोन-चार दिवस फेरी चालू ठेवावी.

आता आरोग्याचे. बांध न फुटताही वस्ती आजारी पडते, आणि याची नोंद कुठल्याच पूर अहवालात येत नाही. नदी चढली की बांधातून जाणाऱ्या नाल्यांची झडप बंद करतात, नाहीतर नदी वस्तीत शिरेल. ते बरोबरच आहे. पण मग वस्तीचे सांडपाणी जाणार कुठे? ते गल्लीत तुंबते. त्यातच जमिनीखालचे पाणी वर येते. संडासाचे खड्डे भरतात, फरशीच्या सांध्यांतून पाणी घरात येते. लोक म्हणतात नदीचे पाणी आले. ते नदीचे नसते, ते आपल्याच संडासाचे असते. हातपंप तीस फुटांवर असेल तर त्याच्यात ते मिसळते. जुलाब, कावीळ, टायफॉइड यांची सुरुवात तिथून होते. अशा दिवसांत हातपंपाचे पाणी दिसायला कितीही निवळ असले तरी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनचे औषध टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नये. औषध किती टाकायचे ते बाटलीवर लिहिलेले असते. आशाताईंकडे ते मिळते, पावसाळ्याआधीच मागून ठेवावे.

तुंबलेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चालले की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदराच्या लघवीतून पाण्यात येणारा हा आजार आहे. पिंढऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, जोराचा ताप. दोन दिवस वाट पाहू नये, सरकारी दवाखान्यात जाऊन “पुराच्या पाण्यात होतो” हे सांगावे. त्यावरची गोळी शेजाऱ्याकडून आणून खाऊ नये, लेकरांना आणि गरोदर बाईला ती वेगळी असते.

सिकलसेलच्या घरांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या समाजात असे पेशंट बरेच आहेत. थंडी, ओले कपडे आणि पाणी कमी पिणे, या तिन्हींनी दुखण्याचा झटका येतो. पुराच्या रात्री हे तिन्ही एकत्र येतात. शाळेत किंवा समाजभवनात हलवलेल्या बायका आणि मुली पाणी पीतच नाहीत, कारण संडासला जायची सोय नसते. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी रात्रभर घोटभर पाण्यावर राहिली आणि पहाटे हाडे दुखून कळवळू लागली. निवाऱ्याची जागा ठरवताना छप्पर आहे का एवढेच पाहतात. बायकांचा संडास आहे का, त्याला कडी आहे का, दिवा आहे का, हे आधी पाहा. गोळ्यांची पिशवी तयार ठेवा. हायड्रॉक्सियुरिया, रक्तदाबाच्या, साखरेच्या, टीबीच्या गोळ्या, त्यांचे कागद आणि आधार कार्डाची झेरॉक्स, सगळे प्लास्टिकमध्ये बांधून खुंटीला.

आणि झोप. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचा रक्तदाब चढतोच, साखर वाढतेच. त्यावर आमच्याकडे जे औषध आहे ते गल्लीने मिळून पाळ्या लावण्याचे. एका रात्री दोन घरे जागतील, बाकीची झोपतील, आणि जागणाऱ्यांकडे शिट्टी असेल. आजींच्या गल्लीत हे सुरू झाल्यावर पुढच्या शिबिरात त्यांचा रक्तदाब उतरला होता. गोळी तीच होती. आम्ही यावरून फार मोठा दावा करत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हातात बॅटरी आहे हे कळले की माणूस झोपतो, एवढे आम्हाला दिसले.

कायद्याकडे पाहिले तर आपल्या वाट्याला फट येते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही धरणांना लागू आहे. त्यांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी झालीच पाहिजे असे तो म्हणतो. वस्तीशेजारचा दोन पुरुष उंचीचा बांध त्यात बसत नाही. मग तो कोणाचा? पाटबंधारेवाले नगरपालिकेकडे बोट दाखवतात, नगरपालिका महसूलकडे. पहिले काम, माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: हा बांध कोणाच्या ताब्यात आहे आणि शेवटची पाहणी कधी झाली? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडेही द्या.

बांध उंच आणि नवा असला की निर्धास्त, असेही नाही. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे कोसी नदीचा तटबंध फुटला आणि बिहारमधल्या लाखो लोकांची घरे पाण्याखाली गेली. त्या दिवशी नदीत जे पाणी होते ते तटबंधाच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. पूर मोठा नव्हता, देखभाल झाली नव्हती. उलट 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या भिंती जागोजागी कोसळल्या आणि हजारो घरांत पाणी शिरले. दीडशे वर्षांचा अंबाझरीचा बांध मात्र टिकला. त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो न्यायालयात नेणारे नागरिकच होते, आणि त्यांना कोणी घाबरट म्हटले नाही. बंगल्यातली माणसे काळजी करतात तेव्हा ती ‘जागरूक नागरिक’ असतात आणि झोपडीतली बाई काळजी करते तेव्हा ती ‘पॅनिक’ करते, हे आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार केला होता, हे आपल्याच घरांत फार थोड्यांना माहीत आहे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. 1943 साली दामोदर नदीने बांध फोडला आणि कलकत्त्याचे रेल्वेमार्ग तुटले. त्यानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेला जी दिशा मिळाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 8 नोव्हेंबर 1945 ला कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांबद्दल मांडणी केली. नुसते बांध घालून पूर अडवण्याच्या जुन्या विचारावर त्यांनी टीका केली आणि पाणी साठवून शेती, वीज, वाहतूक आणि लोकांचे जगणे यांचा एकत्र विचार करायला सांगितले. जयंतीच्या भाषणांत हे कधीतरी यावे.

आपल्या बाजूच्या चुकाही लिहितो. वस्तीत घर लिंपायला, अंगण भरायला माती लागली की कुदळ बांधावरच चालते. बकऱ्या तिथेच बांधतात. कचरा उतारावर टाकतात, कचऱ्याला उंदीर येतात, उंदरांमागे घुशी. एकाने तर बांध खणून संडासाचा पाइप आरपार काढला आहे, आणि तो आमच्याच ओळखीचा आहे म्हणून कोणी बोलत नाही. आणि मोबाईलवर “बांध फुटला” असा मेसेज पाहणी न करता पुढे ढकलणारेही आपलेच. त्या भाद्रपदातल्या रात्री अशा एका मेसेजने दुसऱ्या टोकाची माणसे अंधारात धावली आणि एका म्हाताऱ्या बाबांचा पाय मोडला. तथागतांनी कालामांना सांगितले ते याच्यासाठीच आहे. ऐकले म्हणून मानू नका, स्वतः पाहा.

म्हणून आम्ही त्या विहारात एक वही ठेवली आहे. वर्षावासाचे वाचन झाले की दोघे जण बांधावर फेरी मारून येतात, एक बाई आणि एक तरुण. तारीख, वेळ, नदी खुंटीच्या कितव्या खुणेवर आहे, धार कुठे, पाणी स्वच्छ की गढूळ, एवढेच लिहितात. सोबत एक फोटो, त्यात काठी उभी धरून, म्हणजे धार केवढी ते कळते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांची वही होते. उन्हाळ्यात साहेब आले आणि “इथे काही नाही” म्हणाले, तर ती वही पुढे ठेवायची.

या वर्षीही तेच केले. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला, त्याची पोच मिळाली आहे. कडुनिंबाजवळच्या पोत्यांचे कडे अजून तिथेच आहे, पोती उन्हाने विरली आहेत. पाहणीला अजून कोणी आलेले नाही. आषाढ पौर्णिमेला तीन आठवडे आहेत. नवी वही आणली आहे, आणि येत्या रविवारी सकाळी नव्या पोत्यांत माती भरायची आहे. ती बांधाची नव्हे, पलीकडच्या पडीक जागेची आणायची ठरली आहे.